लेबलावर न आलेला क्रम

1966 साल संपत आले असताना अमेरिकेतील कॅपिटॉल या ध्वनिमुद्रिका कंपनीने एका आगामी तबकडीची चार लाखांहून अधिक वेष्टने छापून ठेवली. वेष्टनावर स्मितहास्ये विकणाऱ्या एका चिमुकल्या दुकानाचे चित्र होते, 'स्माइल' हे नाव होते आणि मागील बाजूस बारा गाण्यांची यादी होती. यादीसोबत एक सूचना होती: गाण्यांचा योग्य क्रम तबकडीच्या लेबलावर पाहावा. ती तबकडी निघालीच नाही. जे लेबल पाहायचे ते कधी छापलेच गेले नाही.

त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षे जगभरचे रसिक या न छापलेल्या लेबलाचा शोध घेत राहिले. अप्रकाशित ध्वनिमुद्रणांविषयी रॉक संगीताच्या चाहत्यांमध्ये जे अखंड वाद चालतात, त्यांत 'स्माइल'चा वाद सर्वांत दीर्घ आणि सर्वांत भावनाप्रधान म्हणावा लागेल. वरवर पाहता तो संग्राहकांचा छंद वाटतो. परंतु अपुऱ्या कलाकृतीवर हक्क कोणाचा, आणि 'हे मला जमत नाही' असे म्हणणाऱ्या कलावंताच्या नकाराला काही मोल आहे की नाही, हे प्रश्न त्याच्या मुळाशी आहेत.

ज्या वाद्यवृंदाची ही तबकडी, तो 'बीच बॉइज' 1961 साली कॅलिफोर्नियातील हॉथॉर्न या गावी उभा राहिला. ब्रायन, डेनिस आणि कार्ल हे तीन विल्सन बंधू, त्यांचा आतेभाऊ माइक लव्ह आणि ब्रायनचा शाळासोबती अल जार्डिन असे हे पाच जण. समुद्र, लाटा आणि मोटारी यांवरील गाण्यांनी त्यांना अमाप लोकप्रियता मिळाली. ब्रायनला उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नसे, तरीही वृंदाची सारी स्वररचना त्याच्याच कानातून आणि मनातून येई. डिसेंबर 1964 मध्ये विमानात त्याचा मानसिक तोल ढळला. तेव्हापासून दौऱ्यांतून अंग काढून घेऊन तो ध्वनिमुद्रणगृहातच रमला. मे 1966 मध्ये 'पेट साउंड्स' ही तबकडी आली आणि ऑक्टोबरमध्ये 'गुड व्हायब्रेशन्स' हे गीत. साडेतीन मिनिटांचे हे गीत अनेक महिने, निरनिराळ्या ध्वनिमुद्रणगृहांत, तुकड्यातुकड्यांनी मुद्रित करून मग सांधलेले होते.

हीच पद्धत एका संपूर्ण तबकडीसाठी वापरावी, असा 'स्माइल'चा संकल्प होता. शब्दरचनेसाठी ब्रायनने व्हॅन डाइक पार्क्स या तरुण संगीतकाराला सोबत घेतले. अमेरिकेचा इतिहास, बालपणाची निरागसता आणि पंचमहाभूतांतील चार तत्त्वे असे विषय त्यात गुंफायचे होते. ईश्वरासाठी रचलेली पौगंडवयाची सिंफनी, अशा आशयाचे वर्णन ब्रायन या कामाचे करीत असे. तेव्हा त्याचे वय अवघे चोवीस वर्षांचे होते.

संकल्प मोडला त्याला एकच एक कारण नव्हते. पार्क्सच्या गूढ शब्दांचा अर्थ माइक लव्हला लागेना. मानधनावरून वृंदाने कंपनीवर दावा लावला. ब्रायनचे अमली पदार्थांचे सेवन वाढले आणि मनाचा आजार बळावत गेला. नोव्हेंबर 1966 मध्ये त्याने अग्नितत्त्वावरील वाद्यरचना मुद्रित केली. 1871 साली शिकागो शहर जाळणाऱ्या आगीची आख्यायिका ज्या गाईशी जोडलेली आहे, तिचेच नाव या रचनेला होते: 'मिसेस ओ'लिअरीज काउ'. वादक अग्निशामकांची खेळण्यातील शिरस्त्राणे घालून वाजवायला बसले होते. पुढे थोड्याच दिवसांत जवळपासची एक इमारत जळाली आणि आपल्याच संगीताने ही आग लावली, असे भय ब्रायनच्या मनात बसले. ती रचना त्याने बाजूला सारली. 1967 च्या वसंतात पार्क्स निघून गेला. मे महिन्यात तबकडी रद्द झाल्याचे जाहीर झाले आणि सप्टेंबरमध्ये 'स्मायली स्माइल' ही घरगुती वळणाची, साधी तबकडी तिच्या जागी आली.

येथून चाहत्यांचे पर्व सुरू होते. मूळ मुद्रणांतील काही भाग पुढील तबकड्यांतून बाहेर आले. 1969 च्या '20/20' मध्ये 'अवर प्रेयर' व 'कॅबिनेसेन्स', 1971 मध्ये 'सर्फ्स अप'. ऐंशीच्या दशकात चोरट्या तबकड्या निघाल्या. प्रतीची प्रत, तिचीही प्रत अशा खरखरत्या ध्वनिफिती हातोहाती फिरल्या. 1993 च्या एका संचात अर्ध्या तासाच्या आसपासचे साहित्य कंपनीने अधिकृतपणे दिले. प्रत्येक नव्या तुकड्यानिशी वाद नव्याने पेटे. अग्नी तर सापडला, मग वायू कोणता? 'विंड चाइम्स' हाच वायू का? पृथ्वीतत्त्व म्हणजे भाज्यांवरचे ते विनोदी गीत का? प्राचीन पोथीचे पाठभेद जुळवणाऱ्या पंडिताच्या चिकाटीने हे लोक तारखा, वादकांच्या नोंदी आणि तुकड्यांचे सांधे तपासत. प्रत्येकाने घरी आपापला 'स्माइल' जुळवला आणि प्रत्येकाला तोच खरा वाटला.

या परिश्रमांची थट्टा करण्याचे कारण नाही. कंपनीच्या कपाटात पडून राहिलेल्या संगीताची स्मृती या लोकांनीच जिवंत ठेवली. तथापि त्यांच्या शोधामागे एक गृहीत होते आणि ते तपासून पाहिले पाहिजे. योग्य क्रम कधीतरी अस्तित्वात होता, तो हरवला, म्हणून तो शोधता येईल, हे ते गृहीत. उपलब्ध मुद्रणे ऐकल्यावर नेमका याच्या उलट निष्कर्ष निघतो. 'हीरोज अँड व्हिलन्स' या एकाच गीतासाठी ब्रायनने असंख्य खंड मुद्रित केले, जोडले, पुन्हा तोडले. त्या काळी क्रम बदलून पाहायचा म्हणजे फीत पात्याने कापून चिकटपट्टीने जोडावी लागे. प्रत्येक पर्यायाला तासन्‌तास लागत आणि पर्याय तर अगणित होते. त्या रानात तो वाट चुकला. लेबल हरवले नव्हते. लेबलावर काय लिहायचे, हे ठरलेच नव्हते.

हा भेद मान्य केला की पुढील दोन प्रकाशनांचे मूल्यमापन सोपे होते.

पहिले 2004 सालचे. ब्रायनच्या नव्या वाद्यवृंदातील डॅरियन सहानाजा हा मुळात 'स्माइल'चा चाहताच. जुने खंड संगणकावर घेऊन तो ब्रायनजवळ बसला. जे पात्याने तासन्‌तास होत नसे, ते आता क्षणात ऐकता येत होते. जुन्या कागदावरील एक शब्द लागेना म्हणून ब्रायनने पार्क्सला दूरध्वनी केला. पार्क्स आला आणि सदतीस वर्षांपूर्वी अर्धवट राहिलेले शब्द त्याने पूर्ण केले. 20 फेब्रुवारी 2004 रोजी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये 'स्माइल' प्रथमच सलग सादर झाले. त्याच वर्षी नव्याने मुद्रित केलेली तबकडीही निघाली. तीन भागांच्या या रचनेत ज्या अग्नीला ब्रायन भ्याला होता, तो शेवटच्या भागात येतो आणि त्याच्या पाठोपाठ जलाचे गीत येते. भयाला शमनाची जागा मिळते. हा क्रम चोवीस वर्षांच्या ब्रायनला सुचला नव्हता. तो एकसष्ट वर्षांच्या, खूप सोसलेल्या ब्रायनला सुचला. डेनिस 1983 साली आणि कार्ल 1998 साली निवर्तला होता. आवाज जाड झाला होता, उंच सूर आता त्याच्या हाती नव्हते. पण रचनेच्या सांध्यांत जे समाधान आहे, ते याच वयाचे आहे. म्हणून या तबकडीला जुन्या कामाची नक्कल म्हणणे अन्यायाचे ठरेल. ती स्वतंत्र, पूर्ण कलाकृती आहे.

दुसरे प्रकाशन 2011 सालचे, 'द स्माइल सेशन्स'. पाच तबकड्यांच्या या संचाला 2013 साली ऐतिहासिक ध्वनिमुद्रणांसाठीचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्याच्या पहिल्या तबकडीत संपादकांनी मूळ 1966-67 ची मुद्रणे 2004 च्या क्रमाचा आधार घेऊन मांडली आहेत. जेथे गायनाचा भाग नव्हता, तेथे 'सर्फ्स अप'सारख्या गीतात ब्रायनने एकट्याने पियानोवर गायलेला जुना आवाज यंत्राच्या साह्याने वाद्यसंगीतावर बसवला आहे. परिणाम विलक्षण सुंदर आहे, यात शंका नाही. कार्लचा, डेनिसचा तरुण आवाज ऐकताना मन भरून येते. तरीही या पहिल्या तबकडीविषयी आक्षेप नोंदवणे भाग आहे. येथे आवाज तरुणाचा आणि वाक्यरचना वृद्धाची अशी स्थिती झाली आहे. 1967 मध्ये जे कोणीच म्हटले नव्हते, ते 1967 च्या तोंडी घातले गेले आहे. पुढच्या पिढीचा श्रोता हेच मूळ 'स्माइल' समजेल, तर ब्रायनचा त्या वेळचा पराभव इतिहासातून पुसला जाईल. तो पराभव सोसलेल्या माणसाने 2004 मध्ये काय मिळवले, हेही मग कळणार नाही.

संचाची प्रामाणिक बाजू उरलेल्या चार तबकड्यांत आहे. तेथे तुकडे तुकडे म्हणूनच येतात. ब्रायन मध्येच थांबवतो, सूचना देतो, पुन्हा म्हणून घेतो. कलावंताच्या कार्यशाळेत आपल्याला उभे केले जाते आणि वेडाच्या दंतकथांआड लपलेला एक अत्यंत दक्ष कारागीर दिसू लागतो. अशा प्रकाशनांमागे केवळ संगीतप्रेम असते असे नाही. युरोपीय संघाने 2011 साली ध्वनिमुद्रणांच्या संरक्षणाची मुदत पन्नासवरून सत्तर वर्षे केली. परंतु पन्नास वर्षांत प्रकाशितच न झालेल्या मुद्रणांना त्या वाढीचा लाभ नाही. त्यामुळे पुढील काळात अनेक कंपन्यांनी कपाटातील फिती घाईने बाजारात आणल्या. बीच बॉइजचे 1963 चे साहित्य 2013 मध्ये बाहेर आले. हक्क टिकवण्यासाठी काढलेली आवृत्ती आणि ऐकवण्यासाठी काढलेली आवृत्ती यांतला फरक रसिकाने ओळखावयास हवा. सारे काही बाहेर आले म्हणजे सारे काही समजले, असे होत नाही.

या सर्व पसाऱ्यात 'अवर प्रेयर' ही एक लहानशी रचना वेगळी उठून दिसते. एका मिनिटाच्या आसपासची ही प्रार्थना वाद्यांविना, केवळ मानवी आवाजांत गायलेली आहे आणि तिला शब्द नाहीत. स्तोत्रांवरील विवेचनात संत ऑगस्टीन यांनी अशाच गायनाचा विचार केला आहे. सुगीच्या वेळी शेतकरी गाऊ लागतात, आनंद मावेनासा होतो, मग शब्द सुटतात आणि नुसता स्वर उरतो. ज्याचे वर्णन शब्दांत होऊ शकत नाही त्या ईश्वरासाठी असेच गाणे योग्य, असा त्यांचा अभिप्राय आहे. आपल्या धर्मग्रामांतील गायकवृंदांत ज्यांनी चार आवाजांत गायले आहे, त्यांना ही रचना ऐकताना तिची कठीणता लगेच जाणवेल. एक आवाज किंचित ढळला तरी सारी इमारत कलते. संचात तिच्या तालमीचाही अंश आहे. इतकी मेहनत एका शब्दहीन मिनिटासाठी! साऱ्या 'स्माइल'मध्ये क्रमाची वाट न पाहता पूर्ण झालेली रचना कोणती, असे विचारले तर मी हिच्याकडेच बोट दाखवीन. तिच्या आधी काय आणि नंतर काय, यावाचून तिचे अडत नाही.

ब्रायन विल्सन 11 जून 2025 रोजी निवर्तला. आता यापुढे निघणाऱ्या कोणत्याही आवृत्तीला त्याचा होकार किंवा नकार मिळू शकणार नाही, म्हणून श्रोत्यांची जबाबदारी वाढली आहे. कलावंताने एखादे काम सोडून दिले, तेव्हा त्यात दुर्बलता असते तसा विवेकही असू शकतो. ब्रायनच्या बाबतीत दोन्ही होते. आग्रह धरून बसलेल्या चाहत्यांनी त्याच्या मनावरचे ओझे वाढवले असेल. त्याच्या शेजारी बसून त्याला वेळ देणाऱ्या एका चाहत्याने ते उतरवायला हातभार लावला, हेही तितकेच खरे. सहानाजाने क्रम ठरवून आणला नाही. तुकडे समोर ठेवले आणि ठरवण्याचे काम ज्याचे त्याच्याकडे राहू दिले. रसिकाचे प्रेम कसे असावे, याचे याहून चांगले उदाहरण या इतिहासात मला आढळत नाही.

म्हणून नव्याने ऐकणाऱ्यांना एवढेच सुचवावेसे वाटते. 2011 च्या संचातील शेवटच्या चार तबकड्या आधी ऐकाव्यात. त्यांतील खाचा, खंड आणि अचानक येणारी शांतता आपल्या कल्पनेने भरू नये. मग 2004 ची तबकडी ऐकावी आणि त्या थकलेल्या आवाजाला उणे लेखू नये. पहिल्या सुंदर तबकडीकडे अगदी शेवटी वळावे. वेष्टनावर सांगितलेला क्रम तिच्यातही नाही, हे तोपर्यंत आपल्या कानांनाच उमगलेले असेल.