सिनुहेने कोणासाठी लिहिले?

मिका वाल्तारी या फिनिश लेखकाची सिनुहे नावाच्या इजिप्शियन वैद्यावरील कादंबरी १९४५ साली प्रसिद्ध झाली. १९४९ मध्ये नाओमी वॉलफर्ड यांचा संक्षिप्त इंग्रजी अनुवाद ‘द इजिप्शियन’ या नावाने आला आणि १९५४ मध्ये मायकेल कर्टिझ यांनी त्याच नावाचा भव्य सिनेमास्कोप चित्रपट काढला. मी चित्रपट आधी पाहिला, पुस्तक नंतर वाचले. क्रम उलटा झाला याची मला खंत नाही. चित्रपटाने काय गाळले यापेक्षा पदरचे काय घातले, हे त्यामुळे ठळकपणे ध्यानात आले.

कथेचा काळ ख्रिस्तपूर्व चौदाव्या शतकाचा. फॅरो अखनातोन आमोनादी जुने देव दूर सारून अतोन या एकाच सूर्यदेवाची उपासना सुरू करतो. सिनुहे हा त्याचा कवटी उघडणारा राजवैद्य. ‘स्वामी’सारख्या कादंबऱ्यांवर पोसलेल्या आपल्या वाचकाला थोर पुरुष केंद्रस्थानी असण्याची सवय असते. वाल्तारी मात्र राजाला बाजूला ठेवून त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या दुबळ्या माणसाच्या तोंडून सारे सांगतो. हा सिनुहे एका गणिकेपायी आईबापांचे घर आणि त्यांची कबरसुद्धा विकतो, आणि मग प्रायश्चित्त म्हणून प्रेते मसाल्यात मुरवणाऱ्यांच्या हाताखाली राबतो.

राजाचे स्वप्न उदात्त आहे. युद्ध नको, उच्चनीच नको. पण तो शस्त्र उचलत नाही म्हणून सीरियातली नगरे जळतात, आणि थीब्जच्या रस्त्यांत आमोनवाले व अतोनवाले एकमेकांना कापतात. त्या दंगलीत सिनुहेची मेरित मरते, आणि छोटा थोथही. तो आपलाच मुलगा होता, हे सिनुहेला फार उशिरा कळते. ज्याच्यावर त्याचे प्रेम आहे त्या राजाला तो स्वतःच्या हाताने विष देतो. फिनलंड नुकताच युद्धातून होरपळून निघाला होता आणि वाल्तारीने युद्धकाळात सरकारी प्रचारखात्यात काम केले होते. सुंदर शब्दांची किंमत कोण मोजते, हा प्रश्न त्याने पुस्तकी कुतूहलापोटी विचारलेला नाही.

चित्रपटाला दोष देण्यापूर्वी त्याचे देणे मान्य केले पाहिजे. लिऑन शॅमरॉय यांचे छायाचित्रण देखणे आहे, आणि पीटर उस्तिनोव्हने एकाक्ष नोकर कप्ताह मोठ्या मिस्कीलपणे रंगवला आहे. बाबिलोन आणि क्रीटचा प्रवास गाळला, तेही मी समजू शकतो. अडीच तासांच्या आत सगळे कसे बसावे?

माझी तक्रार वेगळी आहे. चित्रपटात मेरित मरते, पण थोथ वाचतो. विष प्यालेला राजा आपली श्रद्धा खरी असल्याचे सांगत शांतपणे मरतो आणि त्याच्या शब्दांनी सिनुहेचे डोळे उघडतात. शेवटी, हे सारे येशूच्या जन्मापूर्वी तेरा शतके घडले, अशी पाटी पडद्यावर येते. म्हणजे अखनातोन हा पुढच्या धर्माचा अग्रदूत ठरला, आणि सांडलेले रक्त कुठेतरी जमेस धरले गेले.

मूळ कादंबरी असा जमाखर्च मांडत नाही. सिनुहे आरंभीच बजावतो की तो देवांसाठी लिहीत नाही, राजांसाठी लिहीत नाही, केवळ स्वतःसाठी लिहितो. हा मला आधी लेखकाचा अहंकार वाटला होता. थोथच्या मृत्यूपाशी आल्यावर उलगडा झाला. ज्याच्यासाठी लिहावे तो मूलच उरलेला नाही. चित्रपटातला सिनुहे तांबड्या समुद्राकाठी आपली कहाणी लिहितो ती कधीतरी थोथच्या हाती पडेल या आशेने. एका मुलाला जिवंत ठेवून पटकथाकारांनी प्रेक्षकाला दिलासा दिला. पण सिनुहेची लेखणी ज्या जखमेतून चालत होती, तीच बुजवून टाकली.