परक्या भूमीतील संसार : ‘द एक्झाइल’ आणि ‘स्मृतिचित्रे’ यांतील मिशनरी दांपत्य

१

मिशनरी लेखनाचा विचार आपल्याकडे प्रामुख्याने तीन अंगांनी झाला आहे : भाषा व मुद्रण यांना मिशनऱ्यांनी दिलेले योगदान, धर्मांतराचे समाजशास्त्र आणि वसाहतवादाशी असलेला मिशनचा संबंध. ही तिन्ही अंगे महत्त्वाची आहेत. परंतु तिन्हींमध्ये मिशनरी हा एकटा पुरुष असतो. तो प्रवचन करतो, व्याकरण रचतो, वाद घालतो. त्याचे घर, त्या घरात चूल मांडणारी स्त्री, तिने पुरलेली मुले, उतारवयात उभा राहणारा ‘आता कुठे जायचे’ हा प्रश्न या गोष्टी तळटीपेत जातात. वास्तविक परक्या भूमीत रुजणे ही क्रिया व्यासपीठावर नव्हे, घरात घडते. मिशनरी दांपत्य हा साहित्यविचाराचा स्वतंत्र घटक मानला, तर काही परिचित ग्रंथ वेगळे दिसू लागतात. प्रस्तुत लेखात अशा दोन ग्रंथांचा तौलनिक विचार केला आहे : पर्ल बक यांचे ‘द एक्झाइल’ (१९३६), त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘फायटिंग एंजल’ या त्याच्या जोडग्रंथासह, आणि लक्ष्मीबाई टिळक यांची ‘स्मृतिचित्रे’ (१९३४ पासून भागशः प्रकाशित).

दोन्ही लेखिकांना एकमेकींची माहिती असल्याचा पुरावा नाही; तेव्हा येथे प्रभावाभ्यास अभिप्रेत नाही. काळही योगायोगाने जुळतो. लक्ष्मीबाईंचे निधन १९३६ सालचे, आणि बक यांनी आईवडिलांची चरित्रे प्रसिद्ध केली तीही १९३६ सालीच. तुलनेला आधार आहे तो समान परिस्थितीचा : ईश्वरी कार्याने झपाटलेला पती, त्या कार्यासाठी वारंवार मोडणारे घर आणि ते पुन्हा उभे करणारी पत्नी.

२

‘द एक्झाइल’ची नायिका कॅरी म्हणजे बक यांची आई कॅरोलाइन. कॅरीचे माहेर पश्चिम व्हर्जिनियातील हिल्सबरोचे. तिचे पूर्वज धर्मस्वातंत्र्यासाठी हॉलंड सोडून अमेरिकेत आले होते. म्हणजे जिला पुढे आयुष्यभर ‘मायदेश’ म्हणून आठवायचे ती भूमीही विस्थापितांनीच घडवलेली होती. ही गोष्ट चरित्रकर्त्री आरंभीच सांगते, आणि तिचे महत्त्व पुढे पटत जाते : घर वारशाने मिळत नाही, ते बांधावे लागते, हा संस्कार कॅरीला बालपणीच मिळालेला आहे. १८८० साली ॲब्सलम सायडनस्ट्रिकर यांच्याशी विवाह करून ती चीनला गेली. सात अपत्यांपैकी चार लहानपणीच दगावली. पतीच्या कार्यक्षेत्राबरोबर गावे बदलली, घरे बदलली. प्रत्येक ठिकाणी तिने फुलांची बाग केली. यांगत्झेकाठच्या चिनी शहरात स्वतः फुलवलेल्या अमेरिकन बागेत उभी असलेली कॅरी, ही ग्रंथाची मध्यवर्ती प्रतिमा आहे.

या बागेचा एक सोपा अर्थ लावता येतो : परदेशी मनुष्य आपल्याभोवती आपल्या देशाचे छोटे बेट तयार करतो आणि त्याच्या भिंतीआड राहतो. हा अर्थ खोटा नाही. १८५८ च्या तहांनी मिशनऱ्यांना चीनच्या अंतर्भागात जे संरक्षण मिळाले त्याशिवाय ती भिंत उभीच राहिली नसती. परंतु ग्रंथ येथे थांबत नाही. कॅरीचा परसदार शेजारच्या चिनी स्त्रियांना खुला आहे. त्या येतात, बसतात, आपली दुःखे सांगतात. पुरुषाच्या प्रवचनाला जो प्रवेश मिळत नाही तो या बसण्याउठण्याला मिळतो. बाग एकाच वेळी बेट आहे आणि सेतूही आहे, आणि हा दुहेरीपणा न सोडवता तसाच ठेवणे हे बक यांच्या चरित्रलेखनाचे बळ आहे.

३

लक्ष्मीबाई कोणताही समुद्र ओलांडत नाहीत. नाशिकजवळच्या जलालपूरचा जन्म, बालवयात नारायण वामन टिळकांशी विवाह, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत घेतलेला बाप्तिस्मा. या एका तारखेने त्यांचा देश बदलला. भाषा तीच, नदी तीच, गावेही ओळखीची. तरी पाणी कोणाच्या हातचे घ्यावे, पंक्तीत कोठे बसावे, मृत्यूनंतर कोण खांदा देईल, या प्रश्नांची उत्तरे एका दिवसात रद्द झाली. सुमारे पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे राहावयास आल्या आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. देशांतर आणि धर्मांतर या दोन क्रिया आपण वेगळ्या मानतो. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना त्यांतील अंतर कमी होते. जातिबद्ध समाजात धर्मांतर हे देशांतरच असते, फरक इतकाच की सुटलेला देश रोज डोळ्यांसमोर असतो.

कॅरीची बाग, तसे लक्ष्मीबाईंचे स्वयंपाकघर. पतीकडे आल्यावरही आरंभी त्या आपली चूल आणि आपले पाणी वेगळे ठेवतात. या सोवळ्याला काहींनी केवळ जुन्या संस्कारांचा अवशेष मानले आहे. ग्रंथाच्या रचनेकडे पाहिल्यास ते अधिक काही आहे. ‘स्मृतिचित्रे’चा आरंभच लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या टोकाच्या सोवळ्याने होतो, ते सोवळे घराला कसे छळत होते हे लेखिका हसत हसत सांगते. म्हणजे ज्या चुलीला ती परक्या भूमीत चिकटून राहते त्या चुलीचा जाच तिला पूर्वीपासून ठाऊक आहे. तरीही ती सोडवत नाही, कारण माणूस जाचातही रुजलेला असतो. आणि जेव्हा ती सोडते तेव्हा पतीच्या युक्तिवादाने नव्हे, स्वतःच्या विचाराने सोडते. येथे रुजण्याची गती पतीच्या धर्मनिष्ठेपेक्षा वेगळी आहे, आणि लेखिका ती कोणाच्याही गतीशी जुळवून घेत नाही.

४

दोन्ही संसारांत पतीचे कार्य आणि घरातील पैसा यांचा तंटा आहे. ॲब्सलम यांनी नव्या कराराचे चिनी भाषांतर हाती घेतले. ते छापण्याचा खर्च घरच्या तुटपुंज्या वेतनातून होत राहिला, आणि त्याची झळ मुलांच्या लहानसहान हौशींनाही लागली, हे ‘फायटिंग एंजल’मध्ये बक यांनी कडवटपणा आवरून नोंदवले आहे. टिळकांची उदारता वेगळ्या जातीची : दाराशी आलेला प्रत्येक जण घरचा, आणि खिशातला पैसा ज्याला आधी लागेल त्याचा. महिनाअखेरची जुळवाजुळव पत्नीकडे.

दोन्ही पुरुष भाषेचे उपासक आहेत, ही बाबही उपेक्षणीय नाही. एकाने परक्या भाषेत धर्मग्रंथ आणण्यासाठी आयुष्य वेचले. दुसऱ्याने भाषांतरित उपासनागीतांच्या जागी अभंगाची चाल आणून ख्रिस्ती भक्तीला मराठी घर दिले. एकाचे कार्य बाहेरून आत, दुसऱ्याचे आतून अधिक आत. पण शब्दांना घर देणाऱ्या या दोघांच्या स्वतःच्या घराचा भार तिसरेच कोणी उचलत होते. बक यांनी हा विरोध आरोप म्हणून मांडला. लक्ष्मीबाईंनी विनोद म्हणून. विनोद हा सौम्य आरोप नव्हे. विनोदात वक्ती आपली जागा सोडत नाही, आणि ज्याच्याविषयी बोलायचे त्यालाही घराबाहेर काढत नाही. ‘स्मृतिचित्रे’तील टिळक हास्यास्पद होतात, लहान होत नाहीत. ‘फायटिंग एंजल’मधील अँड्रू भव्य होतो, पण जवळचा होत नाही.

५

उतारवयात हे प्रश्न पुन्हा उघडतात. मिशनच्या नोकरीत निवृत्ती असते. परक्या भूमीत मात्र निवृत्त कोठे व्हायचे हे कोणी सांगत नाही. कॅरी १९१० च्या सुमारास अमेरिकेला जाऊन आली आणि पुन्हा चीनला परतली. जो देश ती बागेत जपत होती तो तेथे उरला नव्हता. तिची अमेरिका आता चीनमध्येच होती. १९२१ साली जेनजिआंग येथे तिचे निधन झाले. त्यानंतर वृद्ध ॲब्सलम मुलीच्या नानजिंगच्या घरी आले. तरुण सहकाऱ्यांना त्यांनी थांबावे असे वाटत होते; तेथील धर्मविद्यालयाचा पत्राद्वारे शिक्षणाचा विभाग त्यांच्याकडे सोपवून मुलीने त्यांच्या हातांना काम मिळवून दिले. मार्च १९२७ मध्ये नानजिंगमध्ये परकीयांवर हल्ले झाले तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचा हा मनुष्य कुटुंबासह एका गरीब चिनी स्त्रीच्या झोपडीत लपून वाचला. सुमारे सत्तेचाळीस वर्षे ज्यांना उपदेश केला त्यांच्यापैकी एकीच्या आश्रयाने जीव राहिला, आणि तो आश्रय उपदेशाचे फळ नव्हता, शेजारधर्माचा होता. या प्रसंगात पूर्वीच्या सर्व प्रवचनांचे मूल्यमापन दडलेले आहे.

टिळकांच्या बाबतीत हा प्रश्न उलट्या बाजूने येतो. १९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षाच्या आसपास, त्यांनी मिशनची वेतनी नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ या कल्पनेला वाहून घेतले. ज्या वयात माणूस स्थिरावू पाहतो त्या वयात त्यांनी संन्यस्त वृत्ती स्वीकारली. पत्नीच्या दृष्टीने हे तिसरे स्थलांतर होते : पहिले सासरी, दुसरे नव्या धर्मात, तिसरे वेतनाच्या आधारातून निराधारात. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, टिळकांचे मुंबईत निधन झाले.

६

ही तुलना ताणू नये. कॅरी सत्ताधारी जगाची प्रजा आहे. कठीण प्रसंगी तिच्या मागे युद्धनौका उभ्या राहू शकतात. लक्ष्मीबाईंच्या मागे कोणी नाही. टिळक स्वतः अमेरिकन मिशनचे वेतनधारक होते, म्हणजे नात्याच्या दुसऱ्या टोकाला उभे होते. त्यांच्या अहमदनगरच्या आयुष्यातील ज्येष्ठ मिशनरी रॉबर्ट ह्यूम यांचे उदाहरण येथे बोलके आहे. ह्यूम यांचा जन्म १८४७ सालचा, आणि तो मुंबईतला. त्यांना ‘नव्या देशात आलेले’ म्हणणे अवघड आहे. मात्र त्यांना येथील म्हणणेही तितकेच अवघड. जन्माने येथले असूनही मिशनचा बंगला त्यांना पाहुणा ठेवतो, आणि जन्माने येथल्याच असलेल्या टिळक दांपत्याला जात परके करते. ‘परका’ हा शब्द भूगोलाने ठरत नाही, तो उंबरठ्याने ठरतो, हे या दोन उदाहरणांवरून स्पष्ट होते.

दुसरा भेद निवेदनाचा. बक यांनी आईचे चरित्र तिच्या मृत्यूनंतर लवकरच कुटुंबीयांसाठी लिहिले आणि अनेक वर्षे बाजूला ठेवले. ते प्रसिद्ध झाले तेव्हा लेखिका परदेशी मिशनकार्यावर १९३२ सालच्या न्यूयॉर्कमधील भाषणात उघड टीका करून मिशनमधून बाहेर पडलेली होती. त्यामुळे कॅरीच्या मनातील शंका किती कॅरीच्या आणि किती मुलीच्या, हा प्रश्न वाचकाने विचारलाच पाहिजे. आईला न्याय देण्याच्या इच्छेने मुलीने तिला वडिलांविरुद्धची साक्षीदार केले आहे. साक्षीदाराला स्वतःचे विसंगत बोलणे बोलू दिले जात नाही. लक्ष्मीबाईंना ते स्वातंत्र्य आहे. त्या रागावतात, चुकतात, हट्ट करतात आणि पुढच्याच पानावर आपल्या हट्टाला हसतात. औपचारिक शिक्षण जवळजवळ नसलेल्या या स्त्रीची बोलती मराठी म्हणूनच साक्ष न राहता साहित्य होते.

७

या दोन संसारांचा शेवट मृत्यूच्या क्रमाने ठरला आहे. सायडनस्ट्रिकरांकडे पत्नी आधी गेली आणि पती दहा वर्षे मागे राहिला. १९३१ च्या उन्हाळ्यात लुशानच्या डोंगरावर त्याचे निधन झाले आणि तेथेच दफन झाले. एकेचाळीस वर्षे एकत्र राहिलेल्या दोघांच्या कबरी एकीकडे नदीकाठी, एकीकडे डोंगरावर. टिळकांकडे पती आधी गेला आणि पत्नी सतरा वर्षे मागे राहिली. त्या सतरा वर्षांत तिने पतीचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पूर्ण केले आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. कॅरीला ही सतरा वर्षे मिळाली असती तर तिने काय लिहिले असते, याचे उत्तर कोणत्याही चरित्रात नाही. पर्ल बक यांना १९३८ साली नोबेल पारितोषिक देताना त्यांच्या चरित्रग्रंथांचाही आवर्जून उल्लेख झाला. त्या गौरवातही कॅरीचा स्वतःचा स्वर ऐकू येत नाही.

भारतीय तौलनिक साहित्यविचाराला यातून एक काम सुचते. मिशनच्या दप्तरात अहवाल आहेत, व्याकरणे आहेत, धर्मांतरितांचे आकडे आहेत. त्यांच्या शेजारी पत्नींची पत्रे, हिशेबाच्या वह्या, मुलींनी लिहिलेली चरित्रे आणि धर्मांतरित स्त्रियांची आत्मकथने ठेवून वाचावयास हवीत. तसे केल्यास परक्या भूमीत कोण रुजले आणि कोण केवळ वावरले, हा निर्णय बदलेल. पुरुषाने जिंकलेल्या आत्म्यांची संख्या अहवालात असते. तगवलेल्या रोपांची आणि मागे घेतलेल्या सोवळ्याची नोंद मात्र या दोन पुस्तकांसारख्या लेखनातच सापडते.