घोरण्यावरील उच्चारव्यायाम : एक परीक्षण

घोरणे हा ध्वनी असला तरी तो उच्चार नव्हे. उच्चार सामान्यतः बाहेर पडणाऱ्या श्वासावर घडतो, तर घोरणे प्रायः आत येणाऱ्या श्वासावर. निद्रेत शिथिल झालेली मृदुतालू व पडजीभ त्या प्रवाहाने थरथरू लागतात. कुशीवर निजणे, रात्री मद्य वर्ज्य करणे, वजन घटविणे हे उपाय परिचितच आहेत. त्यांहून निराळी वाट साओ पाउलो येथील संशोधकांनी चोखाळली. तिचे फलित ‘चेस्ट’ या नियतकालिकात २०१५ साली प्रसिद्ध झाले.

या प्रयोगात ३९ रुग्णांचे दोन गट पाडण्यात आले. एका गटाने जीभ, टाळू व गाल यांचे व्यायाम दिवसातून तीनदा, प्रत्येक वेळी ८ मिनिटे केले. दुसऱ्यास नाकावरील पट्ट्या व श्वसनाचे व्यायाम देण्यात आले. तीन महिन्यांच्या अखेरीस पहिल्या गटात घोरण्याची वारंवारता ३६ टक्क्यांनी व एकूण ध्वनिशक्ती ५९ टक्क्यांनी घटली. दुसऱ्यात लक्षणीय फरक पडला नाही. घोरण्याचे मापन शेजारी निजणाऱ्याच्या साक्षीवर न सोडता यंत्राने केले, हा या प्रयोगाचा मोठाच गुण होय.

तथापि दोन आक्षेप उरतात. व्यायामांपैकी एक ‘आ’ उच्चारीत मृदुतालू वर उचलण्याचा आहे. ध्वनिविज्ञानाच्या दृष्टीने ही निवड विचारार्ह ठरते. अननुनासिक स्वर उच्चारताना मृदुतालू वर जाते हे खरे. परंतु ‘ई’, ‘ऊ’ या संवृत स्वरांत ती ‘आ’पेक्षा अधिक उंच जाते. ‘आ’ची सोय एवढीच की, मुख उघडे राहिल्याने रुग्णास आरशात टाळू दिसते. शिवाय सर्व व्यायाम एकत्रच दिल्यामुळे गुण कोणत्या व्यायामाचा, याचा निर्णय होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्रयोगातील रुग्ण केवळ घोरणारे किंवा सौम्य ते मध्यम निद्राश्वसनरोध असलेले होते. तीव्र रोध असलेल्यांस हे निष्कर्ष लावता येत नाहीत. झोपेत श्वास अडखळणे व दिवसा पेंग येणे ही लक्षणे असणाऱ्याने घोरणे मंदावले म्हणून निश्चिंत राहणे घातक होय; त्याने निद्रातपासणी करून घेणे अगत्याचे आहे. घोरण्याचे मापन श्वसनरोधाच्या मापनाची जागा घेऊ शकत नाही.

‘आ’ व ‘ई’ यांचे व्यायाम वेगवेगळ्या गटांस देऊन, ध्वनी व श्वसन या दोहोंची नोंद ठेवणारा प्रयोग झाल्यास या पद्धतीचे खरे मोल ठरविता येईल.