काचेची साथसंगत

पहिल्या आयफोनवर गाण्यांची यादी बोटाने वर ढकलली की बोट उचलल्यावरही ती काही अंतर धावत राहते, मग मंदावते आणि थांबते. यादी संपत आली असेल तर शेवटची ओळ कडेला येऊन धडकत नाही. ती थोडी पुढे जाते, तिच्याखाली रिकामी जागा उघडते आणि मग सगळी यादी सावकाश मागे येऊन आपल्या जागी बसते. एवढंच घडतं. पण २००७ साली अमेरिकेत विक्रीला आलेल्या त्या यंत्राचं सौंदर्य मला सर्वांत जास्त या हालचालीत दिसतं, म्हणून त्याचं रसग्रहण इथूनच सुरू करतो.

बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये सौंदर्य लयीत शोधलं आणि संवाद, विरोध, समतोल ही लयीची तत्त्वं सांगितली. त्यांच्या नजरेसमोर कला होत्या, खिशात मावणारं यंत्र नव्हतं. पण त्यांचा विचार संवेदनांच्या रचनेपासून सुरू होतो, आणि बोटाने चालवायच्या वस्तूत संवेदनांची रचना नसते असं कोण म्हणेल? ती यादी पुन्हा पाहा. बोट जितकं सरकेल तितकीच, त्याच दिशेने, त्याच वेगाने यादी सरकते. हा संवाद. शेवटची ओळ ओलांडूनही बोट ओढत राहिलं तर यादी आता बोटाइतकी हलत नाही, मागे मागे राहते, जड होते. हा विरोध. बोट उचललं की ती परत येऊन स्थिरावते. हा समतोल. सगळं क्षणभरात होतं, आणि एकही शब्द न वाचता आपल्याला कळतं की यादी संपली आहे, यंत्र अडकलेलं नाही. सांगायची गोष्ट आणि सांगण्याची लय इतकी एकजीव झालेली यंत्रांच्या जगात क्वचितच भेटते.

कॅलिफोर्नियातल्या एका स्नेह्यांनी आपला २००७ चा फोन जपून ठेवला आहे आणि तो अजून सुरू होतो. तो हातात घेतल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात आली. काच कणभरही हलत नाही. ती गुळगुळीत आणि थंड असते, बोटाला कुठेही अडवत नाही. तरीही यादीच्या शेवटी बोटाला वजन जाणवतं. ते वजन डोळ्यांनी बोटाला दिलेलं असतं. दिसणाऱ्या हालचालीतून स्पर्शाचा भास निर्माण करणं हीच तर कलाकृतीची रीत आहे.

ही हालचाल रचली बास ऑर्डिंग या ॲपलमधल्या डच डिझायनरने. स्टीव्ह जॉब्ज यांनी २०१० साली एका जाहीर मुलाखतीत सांगितलं होतं की सुरुवातीला काम चाललं होतं ते टॅब्लेटवर. त्यावर सरकणारी यादी पाहिली आणि याचा तर फोन होऊ शकेल, असं त्यांच्या मनात आलं. म्हणजे फोन ठरवून त्याला यादी जोडलेली नाही, यादीच्या हालचालीतून फोन सुचलेला आहे. त्याच्याही मागे डेलावेअर विद्यापीठातला वेन वेस्टरमन हा संशोधक उभा आहे. टायपिंगच्या ताणाने त्याचे हात दुखत. कळा दाबायला लागू नयेत, नुसत्या हलक्या स्पर्शाने संगणक चालवता यावा, म्हणून त्याने प्राध्यापक जॉन इलायस यांच्याबरोबर अनेक बोटांचा स्पर्श ओळखणारे पृष्ठभाग तयार केले. त्यांची फिंगरवर्क्स ही छोटी कंपनी ॲपलने २००५ मध्ये घेतली. आज पडद्यावर दोन बोटं फाकवून फोटो मोठा करताना मला हे आठवतं, की या सुखाच्या मुळाशी दुखऱ्या हातांची गरज होती.

९ जानेवारी २००७. सॅन फ्रान्सिस्कोचं मॉस्कोनी सेंटर. जॉब्ज यांनी मंचावर आधी तीन वस्तूंची घोषणा केली: मोठ्या पडद्याचा आयपॉड, मोबाइल फोन आणि इंटरनेटचं साधन. ही तीन नावं ते पुन्हा पुन्हा, एकामागून एक घेत राहिले, आणि वस्तू एकच आहे हे सभागृहाला हळूहळू उमगत गेलं. त्या भाषणाची कीर्ती मोठी आहे. माझ्या मते मात्र त्याचा गाभा त्यानंतरच्या युक्तिवादात आहे. त्यांनी त्या काळचे चार नावाजलेले फोन दाखवले आणि त्यांच्या खालच्या भागात पक्क्या बसवलेल्या प्लॅस्टिकच्या कळांकडे लक्ष वेधलं. त्या कळा हव्या असोत वा नकोत, तिथेच राहतात. नवी कल्पना सुचली तर नवी कळ कुठून आणायची? त्यावर उत्तर म्हणजे कळाच काढून टाकणं, सगळा पडदाच ठेवणं आणि जन्मासोबत मिळालेलं बोट वापरणं. मग त्यांनी गाण्यांची यादी उघडली, बोटाने ढकलली, आणि सभागृहातून जो आवाज उठला तो चित्रफितीत आजही ऐकू येतो. यंत्राच्या क्षमतेला नव्हे, एका हालचालीला ती दाद होती.

जानेवारीत मंचावर दाखवलेल्या फोनचा पडदा प्लॅस्टिकचा होता. खिशात किल्ल्यांबरोबर राहून त्यावर चरे पडतात हे पाहून जॉब्ज यांनी काचेचा आग्रह धरला. विक्रीला जेमतेम सहा महिने उरले होते. कॉर्निंग कंपनीने केंटकीतल्या हॅरड्सबर्गच्या कारखान्यात ती कणखर काच घडवली आणि १८ जूनला पडदा काचेचा असल्याचं ॲपलने जाहीर केलं. प्लॅस्टिकच्या पडद्याने हे रसग्रहण अपुरं राहिलं असतं, असं मी ठामपणे म्हणेन. बोट जिथे अडखळतं तिथे लय तुटते.

विक्री सुरू झाली २९ जून २००७ रोजी, शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता, ॲपलच्या आणि एटी अँड टीच्या दुकानांत. किंमत ४ जीबीला ४९९ डॉलर, ८ जीबीला ५९९, आणि वर दोन वर्षांचा करार. रांगा आदल्या दिवसांपासूनच लागल्या होत्या. ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियाक सांता क्लाराच्या दुकानाबाहेर रांगेत होते. फिलाडेल्फियाचे तेव्हाचे महापौर जॉन स्ट्रीट हेही आपल्या शहरात रांगेत बसले होते. बे एरियात किंवा न्यू जर्सीत ज्यांनी तेव्हा संसार नुकता मांडला होता अशा मराठी इंजिनीअर मंडळींकडून त्या संध्याकाळच्या आठवणी अजून ऐकायला मिळतात. दुकानातली गर्दी, आत जाणाऱ्यांसाठी कर्मचाऱ्यांनी वाजवलेल्या टाळ्या, आणि बाहेर पडल्यावर ओळखीपाळखी नसताना एकमेकांना पिशव्या दाखवणारी माणसं.

त्या खरेदीची एक रीत मला फार अर्थपूर्ण वाटते. एरवी मोबाइल घ्यायचा तर दुकानातच अर्ज भरा, सह्या करा, नंबर मिळवा. इथे पैसे देऊन खोका उचलायचा आणि घरी यायचं. करार, योजना, नंबर हे सगळं आपल्या टेबलावर, आपल्या संगणकाला फोन जोडून आयट्यून्समधून पूर्ण करायचं. काहींना त्या शनिवार-रविवारी बराच वेळ ताटकळावं लागलं हे खरं. पण पहिली भेट घरी व्हावी, काउंटरवरच्या घाईत होऊ नये, हा विचार ज्याला सुचला त्याला वस्तूशी जडणाऱ्या नात्याची जाण होती. काळा खोका, झाकणावर फोनचं चित्र, झाकण उचललं की समोर फोनच. माहितीपत्रकं आणि तारा त्याच्या खाली.

फोन जागा केला की वेळ दिसते आणि तळाशी एका पट्टीत बाणाचं चिन्ह. शेजारी लिहिलेल्या सूचनेवरून प्रकाशाची एक तिरीप डावीकडून उजवीकडे सरकत जाते. अक्षरं वाचता आली नाहीत तरी ती तिरीप बोटाला दिशा दाखवते. बाण सरकवताना सूचनेची अक्षरं पुसट होत जातात, कारण आता तिचं काम संपलेलं असतं. मध्येच बोट उचललं तर बाण मुकाट्याने मूळ जागी परततो. रागावणं नाही, चुकीचा इशारा नाही, कर्कश आवाज नाही. हे दार २०१६ च्या आयओएस १० मध्ये काढून टाकण्यात आलं. अंगठ्याच्या ठशाने फोन उघडू लागल्यावर त्याची गरज उरली नव्हती, तरी मला ते काढल्याची हळहळ वाटते.

आता ज्या जागेवर माझा सर्वांत जीव आहे तिथे येतो. सफारीत वर्तमानपत्राचं पूर्ण पान उघडत असे, संगणकावर दिसतं तसंच. दोनदा टिचकी मारली की हवा तो रकाना पडद्याच्या रुंदीला येऊन बसे. पण त्या चिमुकल्या यंत्राची ताकद मर्यादित होती. बोट भरभर फिरवलं तर पुढचा मजकूर रंगवून होईपर्यंत बोट तिथे पोचलेलं असे. अशा वेळी बहुतेक यंत्रं काय करतात? थबकतात. मजकूर तयार झाला की मग हलतात. या फोनने उलटं केलं. मजकूर तयार नसेल तर त्या जागी राखाडी चौकटींचा पट दाखवला, पण पान बोटाबरोबर हलत ठेवलं. काय दाखवायचं ते मागून, बोटाची सोबत आधी. चांगला संवादिनीवादक असंच करतो. गायकाने अनपेक्षित तान घेतली आणि ती नेमकी हाताला आली नाही, तरी तो थांबत नाही. सूर धरून ठेवतो, मागून येऊन मिळतो, गायकाला एकटं पडू देत नाही. राखाडी चौकटी हे त्या फोनचं वैगुण्य म्हणून अनेकांनी दाखवलं. मला ती त्याची निष्ठा दिसते.

हीच निष्ठा कळफलकात आहे. काचेवर टायपिंग जमेल यावर तेव्हा फारसा कुणाचा विश्वास नव्हता. २००५ मध्ये ॲपलमध्ये फोनच्या सॉफ्टवेअरचं काम पाहणाऱ्या स्कॉट फॉरस्टॉल यांनी बाकीची कामं थांबवून सगळ्या चमूला फक्त कळफलकावर बसवलं, आणि त्यातून चमूतले अभियंते केन कोसिएंडा यांचा नमुना निवडला गेला. शब्दकोशाच्या आधाराने चुकीचं अक्षर दुरुस्त होतं हे सर्वांना ठाऊक आहे. त्याहून नाजूक गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही: पुढे कोणतं अक्षर येण्याची शक्यता आहे ते ताडून त्या अक्षराची स्पर्शाची जागा फोन गुपचूप मोठी करतो. कळ दिसते तेवढीच, पण तिचा ओटा वाढलेला असतो. बोट जरासं चुकलं तरी शब्द चुकत नाही, आणि उपकार केल्याची खूणही कुठे राहत नाही. मजकुरात मागे जायचं असेल तर बोट दाबून धरायचं, वर एक गोल भिंग उघडतं, कारण बोटाने झाकलेली अक्षरं माणसाला दिसत नाहीत हे कुणीतरी आधी लक्षात घेतलेलं आहे.

उणिवा होत्याच, आणि त्या लहान नव्हत्या. इंटरनेट एजवर, म्हणजे कासवाच्या चालीने. कॅमेरा दोन मेगापिक्सेलचा, त्यात व्हिडिओ नाही. मजकूर कॉपी करण्याची सोय यायला २००९ उजाडलं. हेडफोनचं भोक इतकं खोल की बाजारातले बरेचसे हेडफोन त्यात बसत नसत. ५ सप्टेंबरला ॲपलने ८ जीबीच्या फोनची किंमत एकदम २०० डॉलरने उतरवली, पहिल्या ग्राहकांत असंतोष पसरला आणि त्यांना १०० डॉलरची भरपाई दुकानातल्या खरेदीसाठी देण्यात आली. तरी विक्री सुरू झाल्यापासून ७४ दिवसांत दहा लाख फोन गेले. त्या काळी इतर कंपन्यांचे काही फोन यादीतल्या सुविधांत याच्या पुढे होते. पण सुविधांची यादी कशी वाचायची हे आधी ठरायला हवं, आणि इथे ती बोटाने वाचायची होती.

भारतात आयफोन अधिकृतपणे आला तो २२ ऑगस्ट २००८ रोजी, दुसऱ्या पिढीचा, एअरटेल आणि व्होडाफोनमार्फत. ८ जीबीच्या फोनची किंमत ३१,००० रुपये होती. त्याआधी तो हातात घेतला तो मुलांकडे अमेरिकेत आलेल्या आईवडिलांनी. संगणकाच्या माउसला बिचकणारी आजी नातवंडांचे फोटो बोटाने सरकवत सोफ्यावर बसली आहे, हे दृश्य त्या काळात अनेक मराठी घरांनी पाहिलं. तिला कुणी शिकवलं नव्हतं. पोथीचं पान उलटणाऱ्या बोटाला इथे वेगळं काही करावं लागत नव्हतं.

मात्र तिला मुलीला उत्तर लिहायचं असेल तर फोन थांबत असे. पहिल्या आयफोनचा कळफलक सुरुवातीला इंग्रजीच होता. रोमन अक्षरांत मराठी लिहावं तर दुरुस्ती करणारा शब्दकोश आपली नावंगावं इंग्रजी शब्दांकडे खेचत राही. मराठी कळफलक मिळाला २०१४ मध्ये, आयओएस ८ बरोबर. अक्षरं आली ही मोठी गोष्ट. पण मला त्यापुढचं हवं आहे. ‘प्र’नंतर काय येतं, ‘त्य’नंतर कोणती मात्रा लागते, अनुस्वार कुठे संभवतो, जोडाक्षर घडताना बोट कुठे चुकतं, हे सगळं कळफलकाला ठाऊक असावं, आणि कोसिएंडांच्या चमूने इंग्रजीसाठी जी अदृश्य जागा लहानमोठी करून दिली ती मराठीच्या चालीने लहानमोठी व्हावी. त्यासाठी मराठी लिहिणाऱ्या बोटांकडे कुणीतरी तितक्याच आस्थेने, तितकाच वेळ बघत बसायला हवं.