जव्हारचा राजवाडा आणि कुडाचे घर

जव्हार-मोखाड्याच्या वास्तूंविषयी होणारे लेखन बहुधा 'जय विलास' राजवाड्यापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. मुकणे घराण्याच्या या वास्तूचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु गुलाबी दगडाचा, पाश्चात्त्य घाटाचा हा प्रासाद राजे यशवंतराव मुकणे यांच्या कारकीर्दीतला, म्हणजे विसाव्या शतकातला होय. एकोणिसाव्या शतकात या मुलखातील सामान्य मनुष्य कोणत्या घरात राहत होता, या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही.

त्यासाठी वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर यांच्या कुडाच्या घराकडे वळावे लागते. लाकडी खांब, कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचे लिंपण आणि वर गवताचे अथवा कौलांचे छप्पर, अशी त्याची रचना. पावसाने कुजलेला कूड बदलावा लागतो, लिंपण वारंवार करावे लागते. त्यामुळे अशा घरात शंभर वर्षांपूर्वीची सामग्री क्वचितच सापडते. जुनी असते ती बांधणीची रीत. प्राचीनत्व केवळ सामग्रीच्या वयावरून ठरविणारी दृष्टी येथे अपुरी पडते, हे मान्य केले पाहिजे.

हीच उणीव वारली चित्रकलेच्या समीक्षेतही आढळते. लग्नप्रसंगी सवाशिणी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. त्यात पालघट देवीची स्थापना होते आणि धवलेरीच्या गाण्यांनी विधी पूर्ण होतो. १९७० नंतर ही चित्रे कागदावर उतरली. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. ही कीर्ती सार्थच होय. मात्र चित्राच्या रेषांची चर्चा जितकी झाली, तितकी त्या चित्राला आधार देणाऱ्या भिंतीची झाली नाही.

आज कुडाच्या जागी विटा-सिमेंटची घरे उभी राहत आहेत. दरवर्षीच्या डागडुजीतून सुटण्याची रहिवाशांची इच्छा न्याय्य आहे. परंपरेच्या नावाखाली त्यांना जुन्या घरात अडकवून ठेवण्याचा अधिकार अभ्यासकाला नाही. मात्र घराची मापे, लाकडाची निवड, कूड विणण्याची व लिंपण्याची पद्धत यांची नोंद जाणत्या स्त्रीपुरुषांकडून करून घेणे त्याचे कर्तव्य ठरते. ते टळल्यास जव्हारच्या वास्तुइतिहासात राजवाडा तेवढा उरेल आणि प्रजेचे घर कायमचे वगळले जाईल.