जॉनी लीव्हर आणि नकलेच्या कलेची आजची अवस्था

प्रसिद्ध व्यक्तीचा आवाज, बोलण्याची ढब आणि हावभाव उभे करण्याच्या कलेला मिमिक्री म्हणतात. तथापि हुबेहूबपणा हे या कलेचे साधन आहे, साध्य नव्हे. कारण असंख्य लकबींतून कोणती उचलायची, ती किती ताणायची आणि कोणत्या प्रसंगात बसवायची, या निवडीतूनच नकलाकाराचे त्या व्यक्तीवरील भाष्य साकारते. भारतात या कलेला स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत वरंगळचे नेरेल्ला वेणुमाधव (१९३२–२०१८) अग्रणी होते, तर हिंदी भाषक श्रोत्यांत तिला अफाट लोकप्रियता देणाऱ्यांत जॉनी लीव्हर यांचे स्थान वरचे आहे.

१९५७ साली आंध्रातील तेलुगू कुटुंबात जन्मलेले आणि मुंबईच्या श्रमिक वस्तीत वाढलेले जॉन प्रकाश राव जनुमाला यांचे शिक्षण सातवीनंतर थांबले. नटांचे आवाज काढत त्यांनी रस्त्यावर पेने विकली आणि पुढे ते हिंदुस्थान लीव्हर या कंपनीच्या कारखान्यात कामगार झाले. तेथील एका कार्यक्रमात त्यांनी वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या नकला केल्या आणि त्यातूनच त्यांना ‘जॉनी लीव्हर’ हे नाव मिळाले. समोरचे कामगार त्या साहेबांना रोज पाहत असल्यामुळे तेथे खोटी नक्कल खपणे शक्य नव्हते. शिवाय हाताखालच्या माणसाने वरच्याकडे रोखून पाहण्याचा जो अधिकार मिमिक्रीच्या मुळाशी असतो, तोही तेथे पुरेपूर बजावला गेला.

पुढे ऑर्केस्ट्रांमध्ये, म्हणजे चित्रपटगीतांच्या वाद्यवृंदी जलशांमध्ये, आणि संगीतकार कल्याणजी-आनंदजी यांच्या कार्यक्रमांतून त्यांची कला फुलली. ‘हँसी के हंगामे’ या ध्वनिफितीत तर चेहरा आणि देह दोन्ही वजा झाल्यामुळे केवळ आवाजातून पात्रे आणि प्रसंग उभे करण्याची त्यांची ताकद सिद्ध झाली. ‘दर्द का रिश्ता’ (१९८२) या चित्रपटाने त्यांना संधी दिली आणि ‘बाजीगर’ (१९९३) सारख्या चित्रपटांनी कीर्ती दिली. मात्र हिंदी चित्रपटाने त्यांच्या निरीक्षणशक्तीपेक्षा मुद्राभिनयाचाच अधिक वापर करून घेतला, हे या कारकिर्दीचे खरे नुकसान होय.

त्यांच्यानंतरच्या काळात दूरचित्रवाणीवरील ‘द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज’ने २००५ पासून अनेक नकलाकारांना घरोघरी पोहोचवले, पण त्याच त्या नटांचे तेच ते संवाद घोटले गेल्याने नक्कल ही मूळ व्यक्तीची न राहता आधीच्या नकलेचीच होऊ लागली. दुसरीकडे, २०१७ मध्ये याच कार्यक्रमात नकलाकार श्याम रंगीला यांनी केलेली पंतप्रधानांची नक्कल वाहिनीने प्रसारित केली नाही, यावरून सत्तेकडे पाहण्याची वाट किती अरुंद झाली आहे, हे कळते.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे आज कोणाचाही आवाज यंत्राने बनवता येतो. २०२४ मध्ये गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाच्या अशा वापराला मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम मनाई करताना व्यक्तिमत्त्वाच्या हक्कांना, म्हणजे स्वतःचे नाव, छबी आणि आवाज यांच्या व्यापारी वापरावरील अधिकाराला, संरक्षण दिले. या हक्काची सीमा आखताना विडंबनाला मोकळी जागा ठेवणे अत्यावश्यक आहे, कारण यंत्र आवाजाची प्रत काढते, तर नकलाकार त्या आवाजामागच्या अहंकाराचा, भीतीचा आणि ढोंगाचा अर्थ लावतो. केवळ साम्यावर विसंबलेली मिमिक्री यंत्रापुढे टिकणार नाही. कारखान्यातल्या त्या नकलांप्रमाणे ज्या माणसांचा आपल्या जगण्यावर अधिकार चालतो त्यांचे बारकाईने निरीक्षण करणारी मिमिक्रीच यापुढे कला म्हणून उभी राहील.