खेटर कोणाच्या तोंडावर?

पायात घालायच्या एका वस्तूला मराठीत नावे किती! वहाण, जोडा, पायताण, पायपोस, पैजार, खेटर, बूट, पादुका. वहाण संस्कृत ‘उपानह्’पासून आली, पायपोस आणि पैजार फारसीतून, बूट साहेबाबरोबर. कोशकार एवढे सांगून थांबतो. या नावांची उतरंड कोणी रचली, हे तो विचारीत नाही.

संतांची ती पादुका. ती पालखीत बसते, तिच्यावर लोक माथा टेकतात. चांभाराच्या देवाला मात्र म्हणीने खेटराची पूजा नेमून दिली आहे. म्हणजे देव जातवार आणि पादत्राणही जातवार! पण या म्हणीपेक्षा मला ‘चांभारचौकशी’ हा शब्द अधिक विषारी वाटतो. म्हण आता चारचौघांत कोणी उच्चारीत नाही. हा शब्द मात्र शिकलेली, स्वतःला पुरोगामी म्हणवणारी माणसे बिनदिक्कत वापरतात. चौकशी हे बुद्धीचे काम. तिला एका जातीचे नाव चिकटवले की ती नसती उठाठेव ठरते. ‘माझ्या कातड्याचे जोडे करून तुमच्या पायात घातले तरी उपकार फिटायचे नाहीत’ असे गहिवरून बोलणाऱ्याने कातडे कमावतात तिथे घटकाभर उभे राहून पाहावे.

पण मला भांडायचे आहे ते आपल्याच माणसांशी. ‘जोडे मारो’ आंदोलन आपणही करतो. पुतळ्याच्या गळ्यात चपलांचा हार आपणही घालतो. मार तर काठीचा अधिक लागतो. मग अपमान जोड्याचाच का? कारण त्यात कातड्याचा विटाळ आहे आणि पाय म्हणजे नीच, हे पुरुषसूक्तापासून चालत आलेले गणित आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५च्या दुरुस्तीने दलित-आदिवासी माणसाला चपलांचा हार घालणे हा गुन्हा म्हणून स्पष्ट नोंदवला गेला. त्या हाराचा अर्थ कायद्याला कळला.

शत्रूचे हत्यार शत्रूवरच उलटवले, असे यावर उत्तर मिळते. मला ते पटत नाही. हार मंत्र्याच्या पुतळ्याला घातला तरी त्याला धार येते ती विटाळाचीच. आणि त्याच मोर्च्यात, मागच्या रांगेत, सकाळी आरी-रापी बाजूला ठेवून आलेला आपला चांभार भाऊ उभा असतो. घोषणा तोही देतो. हातातली चप्पल बहुधा त्यानेच शिवलेली असते.